“मी काही करत नाही, घरीच असते” : रत्नागिरीतलं न मोजलेलं काम

सर्वेक्षण करणारा कर्मचारी दारात येतो. घरातला कर्ता पुरुष कुठे असतो? “कुवेतला.” आणि तुम्ही काय करता? “मी काही करत नाही, घरीच असते.” कर्मचारी घरकामाच्या रकान्यात खूण करतो आणि पुढच्या घरी जातो. रत्नागिरी, चिपळूण, खेड, दापोली इथल्या आपल्या मोहल्ल्यांमध्ये हे उत्तर घराघरात मिळेल. आणि बऱ्याचदा ते चुकीचं असतं.

सरकारी हिशेबात ‘श्रमशक्ती’ म्हणजे काम करणारे आणि काम शोधणारे. जगात पंधरा वर्षांवरील चारपैकी जवळपास तीन पुरुष यात मोडतात आणि जेमतेम निम्म्या स्त्रिया. भारतात २०१७-१८ मध्ये हे प्रमाण स्त्रियांमध्ये २३.३ टक्के होते. २०२३-२४ मध्ये ते ४१.७ टक्के झाले. पुरुषांचे ७८.८ टक्के आहे. म्हणजे सहा-सात वर्षांत बायकांचा आकडा बराच वर गेला. पण आत डोकावून बघितलं तर ही वाढ मुख्यतः गावांतली आहे, आणि त्यातल्या बहुतेक बायका स्वतःच्या किंवा घरच्या धंद्यात आहेत. काम करणाऱ्या स्त्रियांपैकी एक तृतीयांशहून जास्त जणी घरच्या शेतीत किंवा धंद्यात हात लावतात, त्याचा वेगळा पगार त्यांना मिळत नाही.

मुस्लिम स्त्रिया यात मागेच राहिल्या. २००६ च्या सच्चर समितीच्या अहवालात १५ ते ६४ वयाच्या भारतातल्या सुमारे ४४ टक्के स्त्रिया कामात होत्या. मुस्लिम स्त्रियांमध्ये हे प्रमाण सुमारे २५ टक्केच होते. त्याच अहवालाने हेही दाखवलं की आपल्या काम करणाऱ्या स्त्रियांपैकी बहुतेक जणी घरात बसूनच काम करतात. आणि घराच्या आत होणारं काम मोजणीतून सगळ्यात आधी निसटतं.

आता आपल्या जिल्ह्याकडे या. २०११ च्या जनगणनेत रत्नागिरीत दर हजार पुरुषांमागे ११२२ स्त्रिया होत्या, महाराष्ट्रात सर्वात जास्त. यात खूश होण्यासारखं काही नाही. सहा वर्षांखालच्या मुलांत इथेही मुलींपेक्षा मुलगेच जास्त आहेत. मोठ्या वयात बायका जास्त दिसतात, कारण पुरुष इथे नसतात. आधी जहाजावर आणि मुंबईला, मग १९७० नंतर कुवेत, सौदी, दुबई, मस्कत. सगळ्याच समाजांतले पुरुष गेले, आपले जरा जास्त लांब गेले. त्या पैशांवर बंगले उभे राहिले, मशिदी आणि मदरसे बांधले गेले, बहिणींची लग्नं झाली. अल्हम्दुलिल्लाह.

पण इथे मागे कोण होतं? बँकेची कामं, मुलांच्या शाळा, सासू-सासऱ्यांचं दवाखान्यात नेणं, घर बांधताना गवंड्याशी हिशेब, बागेतल्या गड्यांची मजुरी, हे सगळं बाईनेच केलं. मिरकरवाडा बंदरावर मासळी निवडणं, कोळंबी सोलणं, सुकी मासळी बाजारात नेणं बायकांच्या हातात आहे. हापूसच्या हंगामात घरच्या कलमांचे आंबे निवडून पेट्या भरणं, मसाले करून विकणं, शिवणकाम, शिकवण्या, केकच्या ऑर्डरी हेही आहेच. यातलं स्वयंपाक आणि घरसांभाळ सरकारी व्याख्येत ‘काम’ धरत नाहीत. पण विकायचं सामान तयार करणं, घरच्या बागेत किंवा घरच्या धंद्यात हात लावणं हे काम धरतात, पगार मिळो वा न मिळो. म्हणून म्हटलं, ‘काही करत नाही’ हे उत्तर सरकारच्या नियमानेही चुकीचं आहे.

हा प्रश्न आजच का महत्त्वाचा? कारण ज्या आखातावर आपण दोन-तीन पिढ्या टेकलो, ते आखात बदललं आहे. सौदीने २०११ पासून निताकात लावून आपल्या नागरिकांना नोकऱ्यांत पुढे आणलं. जुलै २०१७ पासून परदेशी कामगाराच्या घरच्या प्रत्येक माणसामागे दरमहा १०० रियाल कर लागला, २०२० पर्यंत तो ४०० वर गेला. बायको-मुलांना तिथे ठेवणं अनेकांना परवडेना, कुटुंबं परत आली. आणि त्याच सौदीने आपल्या स्त्रियांना कामात आणलं. ‘व्हिजन २०३०’ मध्ये स्त्रियांचं प्रमाण २२ वरून ३० टक्क्यांवर न्यायचं ध्येय होतं. ते मुदतीच्या कितीतरी आधी मागे पडलं, आज ते एक तृतीयांशाच्या वर आहे. म्हणजे जिथे आपला मुलगा दुकानात सेल्समन म्हणून जायचा, तिथे आता काउंटरवर सौदी मुलगी उभी असते.

दुसरी गोष्ट वयाची. श्रीमंत देशांत माणसं उशिरापर्यंत काम करू लागली आहेत. जपानमध्ये ६५ च्या पुढचे चारपैकी एक जण अजून कामावर आहे. आपला माणूस विशीत जातो आणि पन्नाशी-पंचावन्नला परत येतो. तिथे परदेशी माणसाला पेन्शन नाही. नोकरी संपली की एकरकमी ग्रॅच्युइटी, ती घराच्या डागडुजीत आणि लग्नात संपते. शेंडेफळ तेव्हा कॉलेजात असतं, स्वतःला शुगर-बीपी सुरू झालेलं असतं. एका माणसाच्या तीस वर्षांच्या कमाईवर साठ वर्षांचा संसार, असं हे गणित आहे. त्यातला खड्डा भरायचा तर घरात दुसरा कमावता हात लागतो. तो हात बहुतेक घरांत मुलीचा आहे, आणि तीच आज जास्त शिकते आहे.

कोणी म्हणेल, घर चालवणं शरीअतने पुरुषावर टाकलं आहे. खरंच आहे. पण त्याच शरीअतने बाईची कमाई तिच्या मालकीची मानली आहे, आणि हजरत खदीजा (र.अ.) मक्केतल्या नामांकित व्यापारी होत्या हे आपण मुलांना शिकवतोच. खरी अडचण वेगळी आहे. २०१९ च्या सरकारी वेळ-वापर सर्वेक्षणात घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यावर दिवसाला २९९ मिनिटं देत होत्या, घरकाम करणारे पुरुष ९७ मिनिटं. ही पाच तास तशीच ठेवून वर नोकरी लादली तर ती सुनेवर जुलूमच. परदेशातून कायमचे परत आलेले अब्बा घरात आहेत. नातवंडांना शाळेत सोडणं, बाजार, दवाखाना हे त्यांनी उचललं तरी खूप फरक पडेल.

करण्यासारख्या गोष्टी अवघड नाहीत. घरी धंदा करणाऱ्या बाईचं खातं तिच्या नावाने असावं, आणि हिशेबाची वही वेगळी. पदवी झाली की लगेच स्थळं बघण्याआधी एक-दोन वर्षं तिला काम करू द्यावं. त्या वर्षांचा अनुभव पुढे संकटात उपयोगी पडतो. जमातीच्या बैठकीत शिष्यवृत्तीबरोबर नोकरीची माहिती आणि मुलींच्या येण्या-जाण्याच्या सोयीचाही विषय घ्यावा. संध्याकाळच्या एसटीअभावी मुली नोकरी सोडत असतील, तर आगारात अर्ज द्यायला जमातीने जावं.

आणि एक गोष्ट तर फुकट आहे. जानेवारी २०२५ पासून श्रमशक्ती सर्वेक्षण दरमहा होतं आणि त्यात जिल्हा हा पायाभूत घटक धरला आहे. जनगणनेची संदर्भ तारीख १ मार्च २०२७ आहे. प्रशिक्षण कुठे, कर्ज कुणाला, वसतिगृह कुठे, याचे निर्णय अशा आकड्यांवरून होतात. तेव्हा कर्मचारी दारात आला की पुरुषांनी परस्पर उत्तर देऊ नये. घरातल्या बाईला बोलू द्यावं, आणि तिनेही विचार करून सांगावं: मासळी विकते, कपडे शिवते, शिकवणी घेते, बाग बघते. खरं तेच सांगायचं आहे.