लाल बॅटरीची तक्रार



जीपमध्ये पुढच्या सीटवर बसायला मिळालं, की ड्रायव्हरकाकांच्या समोरच्या दिव्यांकडे नीट बघा. किल्ली अर्धी फिरवली की तिथे दिव्यांची रांगच लागते. त्यात एक लाल चित्र असतं. चौकोनी डबा, वर दोन छोटी शिंगं, आत एक अधिक आणि एक वजा. ही झाली बॅटरी. इंजिन सुरू झालं की हा दिवा विझतो. पण चालत्या गाडीत तो पुन्हा पेटला तर?

"बॅटरी गेली!" मोठी माणसं चटकन सांगून मोकळी होतात. आमच्या आखाडा बाळापुरात नांदेड-हिंगोली रस्त्यावर प्रवासी जीप चालवणारे एक पालक आहेत. त्यांनीही तेच धरलं आणि चार-पाच हजारांची नवी बॅटरी बसवली. दुसऱ्याच दिवशी वारंगा फाट्याच्या अलीकडे दिवा परत लाल! ज्या घराची चूल जीपवर पेटते, त्या घरात एवढे पैसे फुकट जाणं म्हणजे काय, हे मी तुम्हाला सांगायला नको.

गंमत अशी, की चित्र बॅटरीचं असलं तरी तक्रार बहुधा दुसऱ्याचीच असते. बॅटरीचं मोठं काम म्हणजे सेल्फ मारून इंजिन सुरू करणं. नंतर वीज तयार करतो तो अल्टरनेटर. इंजिन पट्ट्याने त्याला फिरवतं, तो गाडीचे दिवे चालवतो आणि बॅटरीतली खर्च झालेली वीजही भरून देतो. आजोबांच्या जुन्या सायकलीचा डायनामो पाहिलाय ना? त्याचाच हा थोरला भाऊ. फिरत्या चुंबकाने तारेत वीज निर्माण होते, हे मायकेल फॅरडे यांनी १८३१ मध्ये दाखवलं. अल्टरनेटर चालतो तो त्याच तत्त्वावर.

मग अल्टरनेटर थांबला हे दिव्याला कसं कळतं? त्यासाठी एक प्रयोग करा. सारखे दोन नवे सेल आणि दीड व्होल्टचा छोटा बल्ब घ्या. दोन्ही सेलची वजा टोकं तारेने एकमेकांना जोडा. आता बल्बची एक तार एका सेलच्या अधिक टोकाला, दुसरी दुसऱ्या सेलच्या अधिक टोकाला लावा. बल्ब लागत नाही! दोन्हीकडचा जोर सारखा, मग वीज वाहणार कुठे? आता एक सेल काढा आणि त्याच्या जागी नुसती तार लावा. लागला ना बल्ब?

जुन्या गाड्यांत तो लाल दिवा असाच बसवलेला असतो. एकीकडे बॅटरी, दुसरीकडे अल्टरनेटर. दोघं बरोबरीने काम करतात तोवर दिवा विझलेला. अल्टरनेटर बसला की दिवा पेटला. नव्या गाड्यांत दिवा लावायचं काम संगणक करतो, पण अर्थ तोच.

दोष शोधायचा तर आधी पट्टा बघायचा. तुटलाय का, सैल झालाय का? गाडी सुरू होताना चीं-चीं आवाज येत असेल तर संशय पट्ट्यावरच घ्यावा. मग बॅटरीच्या तारा. टर्मिनलवर पांढरी-हिरवी भुकटी साचली असेल तर बाबा किंवा मिस्त्री ती कोमट पाणी आणि खाण्याचा सोडा यांनी साफ करतील. इंजिन बंद ठेवून, वजा बाजूची तार आधी सोडवायची. तुम्ही मात्र लांबून बघा. बॅटरीत आम्ल असतं, आणि तिच्यातून पेट घेणारा वायूही निघतो.

खरा न्याय करतो तो मल्टिमीटर. इंजिन बंद असताना चांगली बॅटरी सुमारे १२.६ व्होल्ट दाखवते. इंजिन सुरू केल्यावर बहुतेक गाड्यांत आकडा १३.८ ते १४.५ च्या दरम्यान जायला हवा. तो बारावरच रेंगाळला, तर वीज भरलीच जात नाही. त्या जीपचं तसंच होतं. अल्टरनेटरमधले कार्बन झिजले होते. फिरत्या भागाला वीज पोचवणारे ते बोटभरही नसलेले तुकडे! बॅटरीच्या मानाने खर्च अगदी किरकोळ. (काही जण इंजिन चालू ठेवून बॅटरीची तार काढून बघतात. हा उद्योग आजच्या गाड्यांचं महागडं इलेक्ट्रॉनिक सामान जाळू शकतो. कुणी करत असेल तर खुशाल अडवा.)

वाटेत दिवा लागला तर? चला, गणित करू. दोन हेडलाइट, प्रत्येकी ५५ वॅट, म्हणजे ११०. भागिले १२ व्होल्ट, सुमारे ९ अँपिअर. इंजिनासाठी आणखी ६ धरा. झाले १५. बॅटरी ३५ अँपिअर-तासांची असेल, तर ३५ भागिले १५, म्हणजे सव्वादोन तासांहून थोडं जास्त. पण हे कागदावर! बॅटरी जुनी असली की वेळ खूप कमी मिळतो, आणि दिवे त्याच्याही आधी मिणमिणू लागतात. म्हणून दिवसा एसी, पंखा, टेप बंद करून, इंजिन न थांबवता जवळचं गॅरेज गाठता येतं. रात्री मात्र दिवे मंदावत असतील तर उजेडाच्या जागी, रस्त्याच्या कडेला गाडी लावलेलीच बरी. ट्रकवाल्यांना अंधारातली गाडी दिसत नाही.

आणि पट्टाच तुटला असेल तर दिवसाही पुढे जायचं नाही. पुष्कळ गाड्यांत तोच पट्टा इंजिन थंड ठेवणारा पाण्याचा पंप फिरवतो. आपल्याकडच्या मे महिन्यात अशी गाडी दामटली, तर इंजिन तापून कायमचं बसेल.

आता तुमच्यासाठी कोडं. किल्ली अर्धी फिरवली, बाकीचे सगळे दिवे लागले, पण लाल बॅटरी लागलीच नाही. ही आनंदाची गोष्ट की काळजीची? दोन सेलांचा प्रयोग पुन्हा करून बघा. उत्तर पुढच्या अंकात.