शिक्का खोटा, कर्ज खरे

कल्याण-डोंबिवली महानगरपालिकेच्या हद्दीत बनावट परवानग्यांच्या आधारे उभ्या राहिलेल्या ६५ इमारती पाडून टाकण्याचा आदेश मुंबई उच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२४ मध्ये दिला. तेव्हापासून जी चर्चा झाली ती मुख्यतः एकाच प्रश्नाभोवती फिरत राहिली : इमारती पाडावयाच्या की नियमित करावयाच्या? हा प्रश्न गैर नाही, पण तो अर्धा आहे. घर पाडल्यावर त्या घरासाठी दिलेले पैसे रहिवाशाने कोणाकडे मागावयाचे, हा त्याचा उरलेला अर्धा भाग होय. आणि तो विचारला की प्रत्येक कचेरी शेजारच्या कचेरीकडे बोट दाखवू लागते.

प्रकार कसा घडला हे वाचकांस ठाऊक आहे, तरी त्यातील क्रम ध्यानात घेण्यासारखा आहे. पालिकेच्या नावाने बांधकाम परवानगीचे खोटे कागद तयार झाले. त्यांवर खोटे शिक्के उमटले, खोट्या सह्या झाल्या. ते कागद ‘महारेरा’पुढे, म्हणजे महाराष्ट्र स्थावर संपदा नियामक प्राधिकरणापुढे, ठेवण्यात आले आणि तेथून मात्र खराखुरा नोंदणी क्रमांक मिळाला. खोट्याचे खरे झाले ते या टप्प्यावर. त्या क्रमांकाच्या भरवशावर सदनिका विकल्या गेल्या, दुय्यम निबंधकापुढे करार नोंदले गेले, सरकारने मुद्रांक शुल्क घेतले आणि वित्तसंस्थांनी कर्जे दिली. एका वास्तुविशारदाने माहितीच्या अधिकारात चौकशी केली आणि पुढे जनहित याचिका दाखल केली, तेव्हा हे बिंग फुटले. शिक्का ज्यांचा होता त्या पालिकेला, आणि शिक्का पाहून ज्यांनी नोंदणी दिली त्या प्राधिकरणाला, जे दिसले नाही ते एका नागरिकाला दिसले!

आता घर घेणाऱ्याची बाजू पाहा. रेरा कायदा २०१६ साली संमत झाला आणि १ मे २०१७ पासून पूर्णपणे अमलात आला. ‘नोंदणी क्रमांक पाहिल्याखेरीज घर घेऊ नका’ हा उपदेश तेव्हापासून सरकारने जाहिराती देऊन केला आहे. या माणसाने तो ऐकला. सातबारा आणि मंजूर नकाशा यांची शहानिशा त्याने स्वतः करावयास हवी होती, असे आज त्याला सांगणे म्हणजे औषधाच्या बाटलीवरील परवाना क्रमांक पाहून औषध घेणाऱ्याला तू रसायनशाळा का काढली नाहीस, असे विचारण्यासारखे आहे.

कायद्यात भरपाईची तरतूद नाही असे नाही. उलट ती पुष्कळ आहे. जाहिरातीतील वा माहितीपत्रकातील खोट्या विधानावर विसंबून फसलेल्याला सगळी रक्कम व्याजासह आणि नुकसानभरपाईसह परत मिळावी, असे कलम १२ सांगते. जमिनीचा हक्कच सदोष निघाल्यास कलम १८ प्रमाणे भरपाई मागता येते आणि त्या मागणीला मुदतीची आडकाठी नाही. ताबा मिळाल्यापासून पाच वर्षांत बांधकामातील दोष दिसून आला तर तो विकासकाने विनाखर्च दूर करावयाचा, हे कलम १४. भरपाई ठरवावयास न्यायनिर्णय अधिकारी आहे, आणि ती जमीन महसुलाच्या थकबाकीप्रमाणे वसूल करण्याची सोयही आहे. परंतु ही सारी इमारत एका गृहीतावर उभी आहे : विकासक जागेवर आहे आणि त्याच्यापाशी पैसा आहे. जो मनुष्य पालिकेचा शिक्का बनवितो तो वसुलीचे अधिपत्र येईपर्यंत आपली मिळकत स्वतःच्या नावावर ठेवील काय? जिल्हाधिकाऱ्याने जप्ती आणावयाची ती कशावर? पाडावयाच्या इमारतीवर?

म्हणून विकासकाच्या मागे ज्यांनी हमी दिली त्यांच्याकडे वळणे भाग आहे. नोंदणीच्या अर्जावर तीस दिवसांत निर्णय घ्यावा, तो न झाल्यास नोंदणी झालीच असे मानावे, असे कायदा म्हणतो. विकासकाचे प्रतिज्ञापत्र हा त्या व्यवस्थेचा आधार होता. वर्गात आलेल्या रजेच्या चिठ्ठीवरील वडिलांच्या सहीचा संशय आला तर शाळामास्तर घरी निरोप धाडतो. त्यासाठी त्याला कलम लागत नाही. नोंदणीआधी परवानगीची खातरजमा पालिकेकडून करून घेण्याची व्यवस्था हे प्रकरण उघडकीस आल्यानंतर झाली. ती आधी करता आली असती, आणि करता येत होती ती केली नाही, एवढ्यावरून आमच्या मते दायित्वाचा प्रश्न उत्पन्न होतो.

याला पूर्वाधार आहे. केरळातील मरडू येथे किनारी नियम मोडून बांधलेली चार संकुले पाडण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने मे २०१९ मध्ये दिला. त्यांत सुमारे साडेतीनशे सदनिका होत्या. त्याच न्यायालयाने प्रत्येक सदनिकाधारकाला २५ लाख रुपयांची अंतरिम भरपाई राज्य सरकारने आधी द्यावी आणि मागाहून ती बांधकाम करणाऱ्यांकडून व जबाबदार व्यक्तींकडून वसूल करावी असे ठरविले. निवृत्त न्यायमूर्तींच्या अध्यक्षतेखाली समिती बसली. इमारती जानेवारी २०२० मध्ये स्फोटांनी खाली आल्या. कायद्याची बूज राहिली आणि रहिवासीही रिकाम्या हातांनी गेला नाही. त्याच्याही कितीतरी आधी, १९९३ साली, लखनौ विकास प्राधिकरणाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगून ठेवले आहे की, अधिकाऱ्यांच्या गैरवर्तनामुळे नागरिकाला द्यावी लागलेली भरपाई त्या त्या अधिकाऱ्यांकडून वसूल करावी. तीस वर्षांहून अधिक काळ हा दंडक छापील पानांत पडून आहे.

नोएडातील जुळ्या मनोऱ्यांची गोष्ट निराळी. तेथे ऑगस्ट २०२१ च्या निकालाने बारा टक्के व्याजासह पैसे परत करण्याचा भार विकासकावर पडला. पण ती कंपनी २०२२ मध्ये दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली आणि परताव्यासाठी पुन्हा न्यायालयाचे दार ठोठवावे लागले. नामांकित कंपनीची ही कथा, तर डोंबिवलीच्या गल्लीतील भागीदारी संस्थांची काय सांगावी!

इमारती नियमित करून टाका, म्हणजे भरपाईचा प्रश्नच उरणार नाही, असे सुचविणारे आहेत. आम्हांस हे मान्य नाही. अशा माफीची किंमत शेजारच्या नियम पाळणाऱ्याला पाणी, रस्ता आणि मोकळी जागा गमावून मोजावी लागते. आणि ज्या बांधकामाची तपासणी कोणीच केलेली नाही त्याची किंमत काय असते, हे एप्रिल २०१३ मध्ये मुंब्र्याजवळ ७४ जणांचे प्राण घेणाऱ्या इमारतीने दाखविले आहे.

करदात्याने हा भुर्दंड का सोसावा, हा आक्षेप अधिक वजनदार आहे. त्यासाठी सरसकट वाटप नको. नोंदणी क्रमांक पाहून, नोंदलेला करार करून घर घेणारा एक. आणि परवानगी नाही हे जाणून स्वस्तात घर पदरात पाडून घेणारा किंवा चार-चार सदनिका अडवून ठेवणारा दुसरा. सरकारी तिजोरीवर हक्क पहिल्याचाच. रेरा कायद्याखाली वसूल होणारा दंड राज्य सरकारकडे जमा होतो, फसलेल्याकडे नाही. भरपाई निधीची सुरुवात त्या दंडातून करता येईल. जमिनीचा हक्क व बांधकाम यांच्या विम्याची कल्पनाही कलम १६ मध्ये आहेच. कॅलिफोर्नियात परवाना नसलेल्या कंत्राटदाराला दिलेला सगळा मोबदला घरमालक कायद्याने परत मागू शकतो. आपल्याकडे राहत्या घराची मोडतोड करणाऱ्या खाजगी कंत्राटदाराला मुळी परवानाच लागत नाही. पण तो विषय स्वतंत्रपणे लिहिण्याचा आहे.

राहता राहिल्या बँका. भोगवटा वा पूर्णत्वाचे प्रमाणपत्र पाहिल्यावाचून इमारतीच्या तारणावर कर्ज देऊ नये, असे सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२४ मध्ये बजावले. त्याआधी दिलेल्या कर्जांचे काय? कागदपत्रे तपासण्यासाठी बँकेचा वकील असतो आणि त्याचे शुल्क कर्जदार भरतो. त्या तपासणीत खोटी परवानगी पार झाली असेल, तर तोट्याचा काही वाटा बँकेने उचलणे न्यायाचे आहे. निदान भरपाईच्या दाव्यांचा निकाल लागेपर्यंत पाडलेल्या घरांवरील हप्ते व त्यांवरचे व्याज थांबवावे, यासाठी राज्य सरकारने बँकांशी आणि रिझर्व्ह बँकेशी बोलणी करावीत. याला नवा कायदा लागत नाही.