आंदणाची यादी

मैत्रिणींनो, गेल्या उन्हाळ्यात गोंदियाला माझ्या भाचीचं लग्न झालं. पाठवणीच्या वेळी तिच्या मामानं लुगड्याखाली झाकलेली एक वस्तू पुढे आणली. लुगडं काढलं तर शिलाई मशीन! नवरानवरी दोघंही बघतच राहिली.

मी हळूच विचारलं, "यादीत लिहिलं का गं?" सगळे हसले. भाची म्हणाली, "मावशी, मायेचा कसला हिशेब?"

मला मात्र माझा भंडाऱ्याचा पितळी गुंड आठवला. आईनं दिलेला. दोन वर्षांनी तो नणंदेच्या रुखवतात मांडलेला दिसला. माझा आहे म्हणायला तोंडच उघडेना.

हुंडाबंदी कायद्याखालील १९८५ च्या नियमांप्रमाणे लग्नातल्या भेटींची यादी लेखी ठेवायची असते. वस्तू, अंदाजे किंमत, देणाऱ्याचं नाव व नातं लिहावं. खाली वधूवर दोघांच्या सह्या. वधूची यादी वधूजवळच राहते. सासरी ठेवलेलं स्त्रीधनही तिचंच, असं सर्वोच्च न्यायालयानं १९८५ मध्येच सांगितलं आहे.

हे ऐकून जावईबापूंनीच वही मागितली. पहिली ओळ लिहिली: 'शिलाई मशीन, मामांकडून, नवरीला.'

मैत्रिणींनो, तुमच्या घरी कार्य असेल तर एक वही आधीच काढून ठेवा.