गोधडीतला स्टुडिओ

माझी धाकटी बहीण उज्जैनला दिलेली आहे. गेल्या मे महिन्यात एलटीसी काढून सहकुटुंब तिच्याकडे जाऊन आलो. (मे महिन्यात उज्जैनला कोण जातं, असं कृपया विचारू नका. सरकारी नोकराला रजा मिळते तेव्हा तो जातो!)

घरात शिरतो तो माजघराच्या कोपऱ्यात प्लायवूडची एक पेटी उभी. चार फूट बाय चार फूट, उंची सात. आतून काळा फोम चिकटवलेला, दाराला रबराची पट्टी. भाचा अभिमानाने म्हणाला, ‘‘मामा, हा आपला व्होकल बूथ. आजीची गाणी रेकॉर्ड करायचीत.’’

आजी म्हणजे माझ्या बहिणीच्या सासूबाई. सगळे त्यांना माई म्हणतात. वय ऐंशीच्या पुढे. त्यांचं मराठी ऐकायला मोठी गंमत वाटते. क्रियापदं आपली, हेल माळव्याचा आणि मधूनच एखादा हिंदी शब्द पाहुण्यासारखा येऊन बसलेला. उज्जैनचं मराठीपण काही आजचं नव्हे. १८१० साली दौलतराव शिंद्यांनी राजधानी ग्वाल्हेरला नेली, त्याआधी शिंद्यांची गादी इथेच होती. महाकालाचं आजचं देऊळ अठराव्या शतकात उभं केलं ते राणोजी शिंद्यांचे दिवाण रामचंद्रबाबा सुखटणकर यांनी. आडनाव ऐकूनच आपल्याकडचा वाचक कान टवकारेल! अशा दरबारांमागून जी कुटुंबं माळव्यात गेली, त्यांच्या बायकांनी जात्यावरच्या ओव्या आणि मंगळागौरीची गाणी बरोबर नेली. माईंना त्यातली चाळीसेक तरी येत असावीत. त्यांच्यानंतर त्या घरात ती कुणालाच येत नाहीत.

तर पेटीबद्दल. भाच्याने सुतारासकट बावीस हजार घातले होते. माईंना आत बसवलं, कानावर हेडफोन चढवले, दार लावलं. बाहेर ४२ अंश, आतला पंखा अर्थातच बंद. चार मिनिटांत त्यांनी दार ढकललं. ‘‘अरे, इथं तर हवा पण नाही. आणि मी गाऊ कोणाला?’’

आता थोडी शास्त्राची गोष्ट. (मी आर्ट्सवाला. पण भाच्याने तीन रात्री शिकवणी घेतली, त्यातलं जे डोक्यात राहिलं ते सांगतो.) बाहेरचा आवाज आत न येऊ देणं हे एक काम आणि आतला आवाज घुमू न देणं हे दुसरं. पहिल्याला वजन लागतं. वीट, जाड काच, फटी बुजवलेलं जड दार हवं. फोम त्याला काहीही करत नाही आणि लोक हौसेने भिंतीला चिकटवतात ते अंड्यांचे ट्रे तर दोन्ही कामांना निरुपयोगी, वर आगीला आमंत्रण. दुसऱ्या कामाला मऊ जाडी लागते. इंचभर फोम वरच्या पट्टीतले आवाज खातो, खर्ज तसाच सोडतो. त्यात चार फुटांच्या समोरासमोरच्या भिंती सेकंदाला १४० कंपनांच्या आसपासचा स्वर उचलून धरतात आणि पुरुषाच्या बोलण्याचा खर्ज नेमका त्याच्या जवळपास. म्हणून पेटीत भाच्याचा स्वतःचा आवाज डब्यातून आल्यासारखा येत होता. बावीस हजारांत त्याने एक मोठा डबा विकत घेतला होता, दुसरं काय!

मग आम्ही जे केलं त्याला हजार रुपयेही लागले नाहीत. इंची पीव्हीसी पाइपांचा माणसापेक्षा उंच तीन बाजूंचा सांगाडा केला. त्यावर थंडीतल्या जाड रजया दुहेरी टाकल्या आणि भिंतीपासून वीतभर पुढे उभ्या केल्या. मधल्या पोकळीमुळे तेवढीच रजई जास्त काम करते. चौथी बाजू उघडी. माई रजयांकडे पाठ करून पाटावर बसल्या, मायक्रोफोन तोंडापासून वीतभरावर, थोडा तिरका. ‘प’ आणि ‘भ’चे फटके अडवायला भरतकामाच्या रिंगेवर नायलॉनचा मोजा ताणून बसवला. समोर माझी बहीण आणि शेजारची एक काकू. वेळ पहाटे पाचची. महाकाल लोक २०२२ मध्ये सुरू झाल्यापासून त्या भागातली वर्दळ फार वाढली आहे. सिंहस्थ २०२८ चा, त्याची कामं चालू आहेत ती वेगळीच. पहाटेला पर्याय नाही.

आणि माई गायल्या. काकूने मागून सूर धरला तशा खुलल्या. एका पहाटेला पाच गाणी झाली.

इथे माझं आणि भाच्याचं भांडण सुरू झालं. तिसऱ्या गाण्यात लांबून देवळाची घंटा येते, पाचव्यात दूधवाला सायकल टेकवतो. भाच्याला हे सगळं सॉफ्टवेअरने पुसायचं होतं. माझं म्हणणं, मूळ ध्वनिमुद्रण जसंच्या तसं ठेव, प्रत काढ आणि मग तिला हवं तेवढं धू. गुळगुळीत करायच्या नादात माईंचा श्वासही जातो. ‘‘ही स्टुडिओ क्वालिटी नाही,’’ हे त्याचं पालुपद. अरे, १९०२ च्या नोव्हेंबरात कलकत्त्याला गौहरजानचं गाणं तबकडीवर उतरलं ते हॉटेलच्या खोल्यांत केलेल्या तात्पुरत्या सोयीत, कर्ण्यासमोर! आणि उज्जैनहून तासाभरावरच्या देवासला अंथरुणाला खिळलेल्या कुमार गंधर्वांनी माळव्याची लोकगीतं ऐकली ती घराच्या आसपास गाणाऱ्या बायकांकडून. ती गाणी नोटेशन करून ठेवली, तीही कुठल्या बंद खोलीत नव्हेत.

मला बूथचा राग नाही. पोटापाण्यासाठी डबिंग करणाऱ्याला, पुस्तकं वाचून देणाऱ्याला कोरडा आवाज हवाच. पण ओवी ही कुणाच्या तरी संगतीने म्हणायची गोष्ट आहे. आणि चांगली सोय झाल्यावर करू, असं म्हणत राहणाऱ्यांतला मीही एक आहे. माझ्या आईला धालोची कितीतरी गाणी येत होती. मी एका चांगल्या टेपरेकॉर्डरसाठी पैसे साठवत होतो. टेपरेकॉर्डर आला तेव्हा आईला अर्धांगाचा झटका येऊन गेला होता. एक कॅसेट भरली. तीत बहुतेक मीच बोलतो आहे, ‘‘आई, मग पुढे काय?’’

परवा बहिणीचा फोन आला. माईंची गाणी सव्वीस झाली आहेत. पेटीत आता रजया ठेवतात. पौषात गावी धालो मांडावर येतील तेव्हा भाचा गोव्यात यायचं म्हणतो आहे. मी त्याला कळवलंय, पाइप इथे मिळतील, गोधड्या घरात आहेत, मायक्रोफोन तेवढा घेऊन ये.