बुद्धी कमी की बोलणे जिव्हारी?



निकालाचे दिवस आले की वस्तीत एकच चर्चा असते. "अमक्याच्या पोराने शिकवणी लावली, म्हणून मार्क मिळाले." आम्ही विचारतो, हे कशावरून? ज्या घरात फी भरायला पैसा आहे, त्या घरात अभ्यासाला निवांत जागा असते, शिकलेले आईबापही असतात. मग मार्क नेमके कशामुळे मिळाले? उलट काही मुले कच्ची म्हणूनच शिकवणीला जातात. तिथे शिकवणी आणि कमी मार्क जोडीने दिसतील. म्हणून शिकवणीने मूल बिघडले म्हणायचे काय?

दोन गोष्टी अशा जोडीने दिसल्या, तर मानसशास्त्रात त्याला सहसंबंध म्हणतात. पण सहसंबंध म्हणजे कारण नव्हे. कारण शोधायचे तर प्रयोग करावा लागतो. गट पाडताना निवड करायची नाही, चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे पाडायचे. म्हणजे हुशार-कच्चे, गरीब-सधन सगळीकडे साधारण सारखे वाटले जातात. मग एकाच गोष्टीत फरक करायचा आणि निकाल पाहायचा.

हे आम्ही का सांगतो? "ती मुले मागे पडतात, कारण त्यांना बुद्धीच कमी," हे वाक्य आपण पिढ्यान्‌पिढ्या ऐकले. जात आणि मार्क जोडीने दिसले, की लोक बुद्धीला दोष देऊन मोकळे होतात.

कार्ला हॉफ आणि प्रियंका पांडे या दोघी संशोधकांनी उत्तर प्रदेशातील खेड्यांत हे तपासून पाहिले. त्यांचा अभ्यास 2004 साली जागतिक बँकेने प्रसिद्ध केला. तथाकथित उच्च जातींचे 321 आणि दलित 321 असे शाळकरी मुलगे घेतले. कागदावर वाट शोधण्याची कोडी दिली, सुटलेल्या कोड्यांवर पैसे ठेवले. जात पुकारली नाही, तेव्हा दोन्हीकडची मुले बरोबरीची ठरली. पण सर्वांसमोर नाव, गाव, जात पुकारून बसवले, तेव्हा दलित मुले मागे पडली.

कोडी तीच, बक्षीस तेच. बदलली ती फक्त पुकारणी. बुद्धीच कमी असती, तर जात न पुकारताही मुले मागेच राहिली असती.

एका प्रयोगाने सगळेच सिद्ध होत नाही. यात मुली नव्हत्या, आणि कोडी म्हणजे काही वर्षभराचा अभ्यास नव्हे. पण ते जुने वाक्य डळमळीत करायला एवढा पुरावा पुरेसा आहे.

तेव्हा यापुढे कोणी "यामुळे ते झाले" म्हणाले, तर विचारा, "नुसते जोडीने दिसले, की तपासून पाहिले?" आणि शिष्यवृत्तीच्या यादीसाठी कुठे भरवर्गात जात विचारून मुलांना उभे करत असतील, तर दोघे-चौघे पालक मिळून शाळेत जा. माहिती कागदावर घ्या, पोरांना उभे करू नका, असे गुरुजींना शांतपणे पण ठामपणे सांगा. घरीही "तुला जमायचे नाही" हा शब्द पोरांच्या कानी पडू देऊ नका.