खडीचा रस्ता आणि मागे बसलेले ज्येष्ठ

पावसाळा सरला की जव्हार-मोखाड्याच्या डोंगरांतील रस्त्यांचे रूप पालटलेले असते. चार महिन्यांच्या मुसळधार पावसाने डांबर उखडलेले असते, ओहोळांनी मोऱ्यांवर गोटे आणून टाकलेले असतात आणि दुरुस्तीसाठी जागोजाग खडीचे ढीग येऊन पडतात. भाताची कापणी आटोपते, नागली-वरई खळ्यावर येते आणि पावसात लांबणीवर टाकलेली दवाखान्याची कामेही याच दिवसांत निघतात. कोणाला मोतीबिंदू दाखवायचा असतो, कोणाला रक्तदाब, कोणाला गुडघे. पाड्यावरून मोखाड्याच्या ग्रामीण रुग्णालयात किंवा जव्हारच्या पतंगशाह कुटीर रुग्णालयात जायचे, तर अनेक घरांत हाताशी असलेले साधन एकच: मुलाची वा नातवाची मोटारसायकल. पुढे तरुण, मागे आजी किंवा आजोबा आणि चाकाखाली सुटी खडी. आजचे लेखन या प्रवासाविषयी आहे.

आरंभी माझीच एक चूक सांगतो. काही वर्षांपूर्वी खोडाळ्याच्या बाजूच्या एका पाड्यावरून मी आत्याला मोखाड्याला नेत होतो. तिने सत्तरी ओलांडली होती. एका वळणावर डांबराला नुकतेच ठिगळ लावलेले होते आणि त्यावर बारीक खडी पसरलेली होती. वेग सायकलीहून फार अधिक नव्हता. वळणातच मी पुढचा ब्रेक दाबला आणि पुढचे चाक सरकले. गाडी डावीकडे कलली. मी पाय टेकवून ती सावरली, परंतु एका बाजूला बसलेली आत्या खाली घसरली आणि बसल्या अवस्थेत जमिनीवर आदळली.

“आत्या, लागलं का गं?”

“नाही रे बाळा, काही नाही झालं. चल, उशीर होईल.”

लुगडे झटकून ती पुन्हा गाडीवर बसली. रुग्णालयात आम्ही रक्तदाब तेवढा दाखवला. पंधरवड्याने तिला अंथरुणातून उठवेना, तेव्हा क्ष-किरण चित्र काढले. पाठीच्या कण्यातील एक मणका दबून मोडला होता. पंधरा दिवस वेदना अंगावर काढून ती पाणी भरत होती, भाकऱ्या थापत होती. का सांगितले नाहीस, असे विचारले तेव्हा म्हणाली, “तू रजा काढून आला होतास. आणखी किती त्रास द्यायचा?”

चाक घसरले हा अपघाताचा अर्धाच भाग होता. उरलेला अर्धा भाग त्या मौनात होता. म्हणून या लेखात चालकाला जितके सांगायचे आहे, तितकेच मागे बसणाऱ्यांनाही सांगायचे आहे.

खडी कशी वागते

सपाटीवर सांडलेल्या नागलीवर पाय पडला तर जे होते, तेच सुट्या खडीवर चाकाचे होते. टायरची पकड जमिनीवर न बसता गडगडणाऱ्या दाण्यांवर बसते. आपल्या भागात तिचे तीन प्रकार प्रामुख्याने आढळतात. पाड्याकडे जाणाऱ्या नव्या रस्त्यावरची मोठी खडी हँडल हलवते व हाडे खिळखिळी करते. मात्र ती दिसते, म्हणून चालक सावध असतो. मुरमाचा रस्ता कोरडा असताना धूळ उडवतो आणि ओला झाला की निसरडा होतो. तिसरी, डांबरावर विखुरलेली बारीक खडी, सर्वांत फसवी. ती बहुधा वळणावर, वाहनांच्या चाकांनी कडेला लोटलेली असते आणि चालक डांबराच्याच भरवशावर वेगात असतो.

मागे माणूस बसले की गाडीचा भार मागे सरकतो. चढावर पुढचे चाक हलके होऊन हँडल सैल वाटू लागते. उतारावर तेच वजन गाडीला पुढे ढकलते आणि थांबायला अधिक अंतर लागते.

चालकासाठी

वेग वळणापूर्वी, गाडी सरळ असतानाच कमी करावा. वळणात ब्रेक दाबू नये. दाबणे अटळच झाले, तर आधी गाडी सरळ करावी आणि दोन्ही ब्रेक हलकेच, हळूहळू वाढवत दाबावेत. एप्रिल २०१९ नंतरच्या, १२५ सीसीपर्यंतच्या बहुतेक गाड्यांत संयुक्त ब्रेक असतो. पायाचा ब्रेक दाबला तरी पुढचे चाकही काही प्रमाणात रोखले जाते, हे खडीवर विसरू नये.

उतारावर पेट्रोल वाचवण्यासाठी गाडी न्यूट्रलमध्ये सोडण्याची सवय अनेकांना असते. सुट्या खडीच्या घाटात ती घातक ठरते. पहिल्या वा दुसऱ्या गिअरमध्ये, क्लच न दाबता, इंजिनालाच वेग आवरू द्यावा. हँडल घट्ट आवळून धरू नये. खडीवर ते थोडे हलणारच. नजर पुढच्या चाकाजवळ न ठेवता दहा-पंधरा पावले पुढे ठेवावी. जीप-ट्रकच्या चाकांनी दाबलेल्या पट्ट्यातून जावे, दोन पट्ट्यांमधील खडीचा उंचवटा टाळावा. पुढे मोठे वाहन असेल तर धूळ बसेपर्यंत थांबावे. त्याच्या चाकाखालून उडालेला दगड थेट चेहऱ्यावर येतो.

खड्डा आला की तरुण चालक पायांवर किंचित उठतो आणि धक्का गुडघ्यांत जिरवतो. मागच्या ज्येष्ठांना तसे उठता येत नाही. तो सगळा धक्का त्यांच्या कण्यात जातो. म्हणून आपल्याला सोसवेल तो वेग न धरता त्यांना सोसवेल तो धरावा.

निघण्यापूर्वी

दोन माणसांसाठी टायरमध्ये किती हवा हवी, ते गाडीवरील पट्टीवर किंवा पुस्तिकेत दिलेले असते, तितकीच भरावी. मागचे शॉकअप दोघांच्या वजनानुसार गॅरेजमध्ये लावून घ्यावेत. मागे धरायचा दांडा, पाय ठेवायचे फुटरेस्ट आणि मागच्या चाकाचे साडीगार्ड हे केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ नुसार गाडीला असलेच पाहिजेत. काढून ठेवलेले साडीगार्ड आजच पुन्हा बसवावे. पदर वा धोतराचा सोगा चाकात अडकायला क्षण पुरतो.

शिरस्त्राण दोघांनीही घालावे, आयएसआय चिन्हाचे, पट्टा लावलेले. अंबाडा उंच असेल तर ते डोक्यावर नीट बसत नाही. केस मानेलगत सैल बांधावेत. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया नुकतीच झाली असेल, तर धुळीच्या व धक्क्यांच्या रस्त्याने कधी जावे, हे डोळ्यांच्या डॉक्टरांना विचारूनच ठरवावे. मधुमेहाचे औषध वा इन्सुलिन घेणाऱ्यांनी उपाशी निघू नये. जवळ साखर असावी.

मागे बसणाऱ्यांसाठी

ज्येष्ठ वाचकहो, आता आपल्याशी थोडे बोलतो.

गाडीवर चढताना ती सपाट जागी असावी आणि चालक दोन्ही पाय टेकवून, ब्रेक धरून बसलेला असावा. ओट्याचा किंवा दगडाचा आधार घेऊन डावीकडून चढावे. दोन्ही बाजूंना पाय टाकून बसणे खडीवर सर्वांत सुरक्षित. एका बाजूला बसले की भार एकीकडे जातो आणि पायांना पुरेसा आधार मिळत नाही. आपल्याकडच्या आज्यांचे काष्ट्याचे लुगडे अशा बसण्याच्या आड येत नाही. आड येतो तो संकोच. तो सोडावा. गुडघा वा खुबा उचलतच नसेल, तर खडीच्या रस्त्यावर मोटारसायकल आपल्यासाठी नाही, असे मानावे.

एक हात चालकाच्या कमरेला, एक मागच्या दांड्याला असावा. मधुमेहामुळे तळपायांची संवेदना कमी झाली असेल, तर पाय फुटरेस्टवरून सरकलेला वा सायलेन्सरला लागलेला कळत नाही. पट्ट्याची चप्पल घालावी आणि पाय जागेवर आहे का, हे मधूनमधून पाहावे.

शिरस्त्राण आणि वारा यांत शब्द ऐकू जात नाहीत, म्हणून खूण आधीच ठरवावी. खांद्यावर एक थाप म्हणजे हळू, दोन थापा म्हणजे थांब. कंबर भरून आली, भोवळ आली, लघवीला लागली, भीती वाटली, यांपैकी कोणत्याही कारणासाठी दोन थापा माराव्यात. चालकाने कारण न विचारता थांबावे. उतरल्यावर लगेच चालू लागू नये. गाडीला धरून क्षणभर उभे राहावे.

पडल्यावर

वयाबरोबर, विशेषतः पाळी थांबल्यानंतर स्त्रियांची, हाडे विरळ होतात. अशा हाडांना तरुणाला जाणवणारही नाही एवढा धक्का पुरतो. मणका दबला तर पाठीत एकाएकी कळ येते. उभे राहिल्यावर ती वाढते, आडवे झाल्यावर उतरते. अशी कळ “लचक भरली” म्हणून सोडून देऊ नये. पायांत बधिरता वा अशक्तपणा आला, लघवी अडली वा नकळत होऊ लागली, तर त्याच क्षणी रुग्णालय गाठावे.

पडलेल्या माणसाला घाईने उभे करू नये. एक पाय आखूड व बाहेर वळलेला दिसला, तर खुब्याचे हाड मोडल्याचा संशय घ्यावा. डोक्याला मार लागला असेल आणि रक्त पातळ करणारी औषधे चालू असतील, तर माणूस चांगला बोलत असला तरी तपासणी व्हायलाच हवी. ज्येष्ठांच्या डोक्यातील रक्तस्राव कधी कधी काही दिवसांनी, आठवड्यांनीही प्रकटतो. वाढती डोकेदुखी, गुंगी, बोलण्यातील गोंधळ या त्याच्या खुणा.

अशा रुग्णाला दोघांच्या मध्ये बसवून मोटारसायकलवरून नेण्याची रीत सर्वत्र दिसते. मोडलेला मणका वा खुबा त्याने अधिक सरकतो. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी आणि पाड्यापर्यंत ती येत नसेल, तर खाटेवर वा फळीवर सपाट निजवून रस्त्यापर्यंत आणावे. आपल्या वाटेवर मोबाइलची रेंज नेमकी कोठे मिळते, हे निघण्यापूर्वीच ठाऊक असू द्यावे.

दुसरी वाट

नेहमीच्या तपासणीला घाई नसते. रस्ता उखडलेला असेल तर पाड्यापासून फाट्यापर्यंत सावकाश यावे आणि पुढे एस.टी. धरावी. ७५ वर्षांवरील ज्येष्ठांना २०२२ पासून एस.टी.चा प्रवास विनामूल्य आहे. ६५ ते ७५ वयाच्या ज्येष्ठांना आणि २०२३ पासून सर्व स्त्रियांना अर्धे तिकीट पडते. वयाचा पुरावा जवळ ठेवावा.

आत्याचा मणका काही महिन्यांनी सांधला, पाठीला किंचित पोक मात्र राहिला. आजही ती कधी कधी माझ्या मागे बसते, दोन्ही बाजूंना पाय टाकून. परवा मोखाड्याच्या अलीकडे तिने माझ्या खांद्यावर दोन थापा मारल्या. मी थांबलो. दुखत काहीच नव्हते. कडेच्या शेतात खुरासणी पिवळीधमक फुलली होती, ती तिला पाहायची होती. आम्ही पाच मिनिटे उभे राहिलो आणि मग निघालो. रुग्णालयात थोडा उशीर झाला, त्याने काही बिघडले नाही.