तेलाची तजवीज

चाळीसगावजवळच्या पाटणदेवीचा शिलालेख खान्देशातल्या प्रत्येक प्राध्यापकाने एकदा तरी वाचावा असा आहे. शके ११२८, म्हणजे इसवी सन १२०७. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव हा सिंघण यादवाच्या दरबारी ज्योतिषी होता. आजोबांच्या सिद्धान्तशिरोमणीचे आणि इतर ग्रंथांचे अध्ययन व्हावे म्हणून त्याने पाटणला मठ काढला. लेखाचा बहुतेक भाग संस्कृत आहे आणि त्यात घराण्यांच्या वंशावळी, भास्कराचार्यांचे कूळ, मठाचा हेतू असे सगळे आले आहे. शेवटच्या काही ओळींत मात्र भाषा मराठी होते आणि हिशेब सुरू होतो. पाटणच्या पेठेत विकायला येणाऱ्या मालावर राजाला मिळणारा वाटा मठाला दिला. गिऱ्हाइकाकडून पाच सुपाऱ्या. गावात जितके तेलघाणे चालतात, त्या प्रत्येक घाण्यामागे एक पळी तेल.

काय शिकवायचे हे ज्या दगडावर कोरले, त्याच दगडावर ते कशाच्या जोरावर चालायचे हेही कोरले. आठशे वर्षांपूर्वी आपल्या मुलखात अभ्यासक्रम असा ठरला होता. आज पदवीची सगळी घडी नव्याने बसवली जात असताना आम्हाला या पळीभर तेलाची आठवण वारंवार होते.

राष्ट्रीय शिक्षण धोरणानुसार पदवीची नवी रचना लागू करणारा शासन निर्णय महाराष्ट्र सरकारने २० एप्रिल २०२३ रोजी काढला. स्वायत्त महाविद्यालयांत ती २०२३-२४ पासून आली, संलग्न महाविद्यालयांत २०२४-२५ पासून. मेजर, मायनर, ओई, आयकेएस, ओजेटी, फील्ड प्रोजेक्ट हे शब्द आता जळगाव-धुळ्याच्या एसटी स्टँडवर ऐकू येतात. तीन वर्षांच्या पदवीला १२० ते १३२ क्रेडिट, चार वर्षांच्या ऑनर्सला १६० ते १७६. एक क्रेडिट म्हणजे १५ तासांचे व्याख्यान किंवा ३० तासांचे प्रात्यक्षिक. निम्मी क्रेडिट मुख्य विषयाची, उरलेली इतर विषयांची, कौशल्यांची, भाषांची आणि प्रत्यक्ष कामाची. बी.ए.च्या मुलाने थोडे वाणिज्य शिकावे, विज्ञानाच्या मुलीने इतिहास वाचावा, यासाठी दुसऱ्या विद्याशाखेतला विषय, म्हणजे ओई (ओपन इलेक्टिव्ह), सक्तीचा केला आहे. कल्पना चांगली आहे, आणि आम्ही ती मनापासून चांगली म्हणतो. दहावीनंतर एकदा जी वाट धरली तिच्यावरून आयुष्यभर हलायचे नाही, या रीतीने आपल्या भागातल्या कितीतरी मुलांचे नुकसान केले आहे.

पण धुळे जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी प्रवेशाच्या दिवसांत आम्ही जे पाहिले ते सांगायला हवे. खिडकीपाशी गर्दी, आत एकच लिपिक, फॉर्म भरायला मोबाइल. कापडणे-सोनगीरकडचा वाटावा असा एक मुलगा ओईच्या रकान्यापाशी थांबला. ‘‘भाऊ, आठे काय भरू?’’ लिपिकाने मान वर न करता सांगितले, ‘‘जे शे, तेच भर.’’ यादीत नाव एकच दिसत होते. मुलाने ते निवडले आणि पुढच्या रकान्यावर गेला. लिपिकाचा यात काही दोष नाही. त्या महाविद्यालयात कला ही एकच शाखा आहे. दुसऱ्या शाखेतला विषय शिकवायला माणूस आणायचा कुठून? मग मराठीचा किंवा राज्यशास्त्राचा प्राध्यापक ‘आर्थिक साक्षरता’ शिकवतो, बाजारातल्या गाइडवरून टिपणे काढतो आणि दोन क्रेडिट पुरी होतात.

शिकवणारा माणूस वर्गात उभा असेल तरच तो पर्याय. बाकी नुसता रकाना.

आणि शिकवणारे कोण आहेत? नेट-सेट झालेली, पीएच.डी. केलेली आपलीच मुलेमुली तासिका तत्त्वावर. नेमणूक सत्र अर्धे सरल्यावर, बिले महिनोन्‌महिने तुंबलेली, सुट्टीत कमाई शून्य. हा अंक तुमच्या हाती पडेल तेव्हा दिवाळीची सुट्टी असेल, म्हणजे नव्या धोरणाचा बराच भार ज्यांच्या खांद्यावर आहे त्यांच्या घरी या महिन्यात पगार नसेल. ऐन सणाच्या तोंडी हे लिहिताना बरे वाटत नाही, पण लिहिले नाही तर त्याहून वाईट वाटेल. रिकामी पदे नियमित भरल्याशिवाय कोणतीही नवी रचना उभी राहणार नाही, आणि ती जबाबदारी शासनाचीच आहे. देणग्या, मानधन, ‘अतिथी व्याख्याने’ यांनी ती टळत नाही.

यानंतर अभ्यास मंडळांशी बोलायचे आहे, कारण कात्री-कलम त्यांच्या हाती आहे. १५ ऑगस्ट १९९० रोजी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ झाले. त्याआधी आपला अभ्यासक्रम पुण्याला ठरे, आणि एका गुणपत्रिकेवरच्या चुकीसाठी रात्रभराची एसटी धरावी लागे. विद्यापीठ जवळ आले ते नुसती सही जवळ यावी म्हणून नव्हे. गिरणेकाठी बसून काय शिकवावे हे ठरवता यावे, म्हणून ती मागणी होती. आज नव्या रचनेने मुख्य विषयाबाहेरच्या बऱ्याच जागा मोकळ्या सोडल्या आहेत. त्या भरायला दिल्ली-पुण्याच्या नमुन्यांची नक्कल कशाला हवी?

भारतीय ज्ञानप्रणालीचा विषय घ्या. आयकेएस म्हणून त्याची प्रश्नपत्रिका निघते, मुले चार व्याख्या पाठ करतात. आणि धुळ्यातल्या वर्गापासून हाकेच्या अंतरावर पांझरा वाहते, जिच्यावर काही शतके फड पद्धत चालत आली. नदीवर दगडी बंधारा, बंधाऱ्यातून पाट, पाटाखालच्या जमिनीचे फड पाडलेले. एका फडात एका हंगामाला एकच पीक. ऊस यंदा या फडात, पुढे दुसऱ्यात, म्हणजे पाण्याचा लाभ आणि जमिनीचा विसावा दोन्ही वाटून. पाणी सोडायला पाटकरी, राखायला जागल्या, आणि त्यांचे वेतन लाभधारक शेतकरी आपसात देणार. पाटाची साफसफाई सगळ्यांनी मिळून. तंटा झाला तर गावात मिटवायचा. यात जलशास्त्र आहे, सहकार आहे, कायदा आहे, समाजशास्त्र आहे. १८८४ मध्ये नोकरीला लागलेले तरुण विश्वेश्वरय्या सुरुवातीच्या काळात खान्देशात होते आणि दातर्तीजवळ पांझरेच्या पात्राखालून पाणी पलीकडे नेणाऱ्या सायफनचे काम त्यांनी केले. पुढे जगभर नाव झालेल्या अभियंत्याने उमेदवारीतले धडे या नदीवर गिरवले, आणि त्या नदीकाठी पदवी घेणाऱ्या मुलांच्या वहीत तिचे नाव नाही. फड बऱ्याच ठिकाणी मोडले आहेत. वर धरणे झाली, विहिरी खोल गेल्या, माणसे शहरात गेली. पण पाटाची पाळी कशी लागायची हे तोंडपाठ असलेले म्हातारे अजून गावोगाव भेटतात. त्यांच्याजवळ बसून लिहून घेणे, बंधाऱ्याचे मोजमाप घेणे, नकाशा काढणे, याला दोन क्रेडिट देण्यात कोणता नियम आडवा येतो? उशीर केला तर सांगणारेच उरणार नाहीत.

फील्ड प्रोजेक्टचेही तसेच. तयार प्रकल्प झेरॉक्सच्या दुकानात मिळतात, वरचे पान बदलले की झाले. त्याऐवजी रावेर-यावलच्या वाणिज्य शाखेच्या मुलांनी केळीचा एक हंगाम धरावा. बाजार समितीचा जाहीर भाव रोज लिहावा, बऱ्हाणपूरचा भाव शेजारी लिहावा, आणि दहा शेतकऱ्यांच्या हातात बांधावर प्रत्यक्ष काय पडले ते तिसऱ्या रकान्यात. मृगबागेचा माल आणि कांदेबागेचा माल वेगळा ठेवावा. पहिल्या आणि तिसऱ्या रकान्यातला फरक कुठे जातो हे शोधताना त्यांना वाहतूक, दलाली, पत आणि करार हे सारे शिकावे लागेल. सरासरी आणि विचलन काढणे आलेच. असा अहवाल तीन वर्षे सलग निघाला तर तो शेतकऱ्याच्याही कामाचा आणि आमदाराच्याही.

शिरपूर तालुक्यात २००४ पासून नाले खोल-रुंद करून बंधारे बांधले गेले, ‘शिरपूर पॅटर्न’ म्हणून त्याचे नाव राज्यभर गेले. त्याची वाहवा करणारे आहेत तसे त्यावर शास्त्रीय आक्षेप घेणारेही आहेत. भूगोलाच्या विद्यार्थ्यांनी दोरी आणि टेप घेऊन पावसाळ्याआधी व नंतर ठरलेल्या विहिरींची पातळी मोजावी, दरवर्षी, त्याच विहिरींची. एका तुकडीने दुसरीच्या हाती वही द्यावी. या वादाला असा पुरावा आपल्या मुलांकडून मिळाला तर पदवीला वजन येईल.

भाषेबद्दल आम्हाला जास्त कळकळ आहे. विद्यापीठाला २०१८ मध्ये कवयित्री बहिणाबाई चौधरींचे नाव दिले गेले. असोद्याला १८८० मध्ये जन्मलेल्या, शाळेत न गेलेल्या या बाईंची कविता त्यांच्या मृत्यूनंतर, १९५२ मध्ये पुस्तकरूपाने आली आणि मराठी कवितेचे कान बदलले. त्या ज्या बोलीत बोलल्या, आणि तिच्या शेजारच्या अहिराणी, भिली, पावरी, मावची, गुजरी या बोली, यांना भाषाकौशल्याच्या क्रेडिटमध्ये पूर्ण विषयाची जागा मिळायला हवी. एखाद्या घटकात ओझरता उल्लेख आम्हाला पुरेसा वाटत नाही. २०११ च्या जनगणनेत अहिराणीसह खान्देशी या गटातली मातृभाषा सांगणारे १८ लाखांहून अधिक लोक नोंदले गेले. हा केवळ अभिमानाचा प्रश्न नाही. धडगाव-अक्कलकुव्यात परिचारिका, शिक्षक, तलाठी, बँकेचे कारकून म्हणून जाणारी पोरे जळगाव-धुळ्याच्याच महाविद्यालयांतून निघतात. बाळंतिणीला काय होते आहे हे तिच्या बोलीत विचारता न येणारी परिचारिका किती हतबल होते, ते तिथे काम केलेल्या कुणालाही विचारा. पावरीची दोन क्रेडिट तिला आणि तिच्या रुग्णाला उपयोगी पडतील.

एका तरतुदीची मात्र धास्ती वाटते. पहिल्या वर्षानंतर जास्तीची चार क्रेडिट पुरी करून प्रमाणपत्र घ्यायचे आणि बाहेर पडायचे, दुसऱ्या वर्षानंतर पदविका घ्यायची. तीन वर्षांच्या आत परत येता येते, एकूण सात वर्षांत पदवी पुरी करता येते. कागदावर ही माया आहे. ‘कोसला’तला पांडुरंग सांगवीकर वर्षे घालवून पदवीविना खान्देशात परतला, त्याच्यासारख्यांच्या हातात निदान काही पडेल. पण शिंदखेड्याच्या, पारोळ्याच्या मुलीचे काय? कापसाचे वर्ष वाईट गेले की घरात पहिली गदा तिच्या शिक्षणावर येते. कालपर्यंत ‘शिक्षण अर्धवट राहिलं’ म्हणून बापाला खंत वाटायची, मामा भांडायचा, शेजारची बाई बोलायची. आता ‘सर्टिफिकेट भेटलं ना’ म्हणून तिचे लग्न लावून द्यायला सगळेच मोकळे. बाहेर जाण्याचे दार सरकारने उघडले, पण आत येण्याच्या दारापाशी कोणी बसलेले नाही. प्रत्येक महाविद्यालयाने सोडून गेलेल्या मुलींची यादी ठेवावी आणि वर्षातून दोनदा त्यांच्या घरी माणूस पाठवावा, लग्न झाले असेल तर सासरी. हे करणाऱ्या प्राध्यापकाला त्याच्या कामाच्या तासांत त्याची गणती मिळावी. आणि लग्नानंतर परतणाऱ्या मुलीला हजेरीत सवलत लागेल, तीही नियमात आधीच लिहून ठेवावी.

पैसा कुठून आणायचा, हा प्रश्न येणारच. अंमळनेरला प्रताप शेठजींनी १९१६ मध्ये तत्त्वज्ञान मंदिर उभे केले, तेव्हा नुसती इमारत बांधली नाही, अभ्यास करणाऱ्यांच्या पोटापाण्याचीही सोय केली. साने गुरुजी अंमळनेरला आले ते तिथे शिकायला, मग तिथल्याच शाळेत शिक्षक झाले. आज जळगावला डाळमिल आहेत, सराफा आहे, ठिबकचे आणि चटईचे कारखाने आहेत. धुळे-शिरपूरला सूतगिरण्या आहेत, गावोगाव पतपेढ्या आहेत. सभागृहाला नाव द्यायला देणगीदार पुष्कळ मिळतात. त्यांनी एकदा असे विचारून पाहावे की माझ्या पैशात फड पद्धतीचा किंवा अहिराणीचा एक शिक्षक तीन वर्षे वेळेवर पगार घेऊन शिकवू शकेल का. शासनाने पदे भरलीच पाहिजेत; पण पाटकऱ्याला, भिली बोलणाऱ्या आजीला, जिनिंगमधल्या जुन्या फोरमनला वर्गात बोलवायचे तर त्यांच्या येण्याजाण्याचा खर्च आणि मान राखणारे मानधन कुणीतरी द्यावे लागेल. तेवढे आपण देऊ शकतो.

या अंकात शिक्षणावरचा स्वतंत्र विभाग आहे. त्यात तासिका तत्त्वावरच्या शिक्षकांनी स्वतः लिहिले आहे, परत शिकायला आलेल्या दोन मुलींनी लिहिले आहे, आणि पांझरेकाठच्या एका गावातल्या पाणीवाटपाची सविस्तर हकीकत आहे. कथा-कविता नेहमीप्रमाणे आहेतच.

दिवाळीची सुट्टी संपली की दुसरे सत्र सुरू होईल आणि ओईचे रकाने पुन्हा भरले जातील. ज्या वाचकांजवळ शिकवण्याजोगे काही आहे, मग ते केळीचे असो, बोलीचे असो की जुन्या कागदपत्रांचे, त्यांनी सुट्टीत आपल्या तालुक्याच्या महाविद्यालयात प्राचार्यांना भेटावे. अभ्यास मंडळावर असलेल्या वाचकांनी आपल्या विषयाचा मसुदा आमच्याकडे पाठवावा, आम्ही तो छापू आणि त्यावर आलेली पत्रेही छापू.

— संपादक